खारघरचा जलसा आणि घरचे शाहीर

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस नवी मुंबईंतील खारघर येथें ‘रोलिंग लाउड’ या नांवाचा हिप-हॉप संगीताचा मोठा जलसा भरला. अमेरिकेंतील मायामी शहरीं २०१५ सालीं दोन मित्रांनीं सुरू केलेला हा जलसा पुढें अनेक देशांत गेला व त्या वर्षीं प्रथमच हिंदुस्थानांत उतरला. विझ खलीफा, सेंट्रल सी, करण औजला हीं नांवें बरेच दिवस आधींपासून आमच्या वर्गांतील फळ्यावर खडूनें लिहिलेलीं दिसूं लागलीं. पुसावीं तर दुसऱ्या तासाला पुन्हां तेथेंच. शिक्षकांच्या खोलींत त्याच वेळीं निराळी भाषा चालली होती. “हें कसलें संगीत? ही तर तालावर केलेली शिवीगाळ,” असें एक गृहस्थ म्हणाले, आणि सभोंवतालच्या माना डोलल्या. माझीही डोलली, हें मी लपवीत नाहीं.

मुलें एकीकडे व वडील मंडळी दुसरीकडे, असा हा वाद वरवर पाहतां दिसतो. घरोघरीं तो झालाही असेल. तिकीट हजारांच्या घरांतलें, जागा लांब, परतण्याची वेळ रात्रीची, तेव्हां वादाला कारणांची वाण नव्हती. परंतु दोन्ही पक्षांना ज्याचें विस्मरण पडतें असा आणखी एक माणूस या वादांत उभा आहे. तो त्याच गांवचा, त्याच गल्लींतला गाणारा. त्याच्याविषयीं चार शब्द लिहावे म्हणून ही लेखणी उचलली.

पालकांस प्रथम एक गोष्ट सांगतों. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत सेजविक अॅव्हेन्यूवर १५२० क्रमांकाची एक उंच इमारत आहे. तेथें जमेकाहून आलेलें कॅम्पबेल नांवाचें कुटुंब राहत असे. १९७३ सालच्या उन्हाळ्यांत त्या घरच्या सिंडी नांवाच्या मुलीला शाळा उघडण्यापूर्वीं नवे कपडे घ्यावयाचे होते व हातीं पैसा नव्हता. तिनें इमारतीच्या सामायिक दालनांत ११ ऑगस्ट रोजीं नाचगाण्याचा कार्यक्रम ठेविला. मुलींना पंचवीस सेंट व मुलांना पन्नास सेंट असें तिकीट लाविलें. आणि तबकड्या वाजविण्यास आपल्या अठरा वर्षांच्या भावाला, क्लाइव्हला, बसविलें. हाच क्लाइव्ह ‘कूल हर्क’ या नांवानें प्रसिद्ध झाला. गाण्यांतील ज्या तुकड्यावर नाचणाऱ्यांचे पाय अधिक थिरकत, तेवढाच तुकडा दोन यंत्रांवर दोन तबकड्या लावून लांबवीत नेण्याची युक्ति त्याची. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीं झाला असें मानितात. एका शाळकरी मुलीच्या कपड्यांसाठीं भरलेल्या त्या जलशाला आज पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. २०१८ सालीं केंड्रिक लामार या रॅपकाराला संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत तें अभिजात व जॅझ संगीताबाहेर कधीं गेलें नव्हतें.

आणि तालावर बोलणें ही गोष्ट आपणां मराठी माणसांना खरोखरच इतकी अपरिचित आहे काय? शाहीर डफावर थाप मारून पोवाडा म्हणतो तेव्हां तो निम्मा गातो व निम्मा बोलतो. कलगीवाले शक्तीचा महिमा गात, तुरेवाले शिवाचा. दोन्ही फड समोरासमोर बसत, एकानें सवाल टाकावा व दुसऱ्यानें तेथल्या तेथें जबाब रचावा, आणि ज्याची जीभ अडखळली त्याची हार, असा तो खेळ रात्र रात्र चाले. रॅपकारांची जी लढत असते ती पाहून आमच्या आजोबांना मुळींच नवल वाटलें नसतें. पुढें सत्यशोधकांनीं जलसे काढले, आंबेडकरी चळवळीनें जलसे काढले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांनीं गिरणगांवच्या मैदानांत डफ वाजविला. जलसा हा शब्दच मुळीं त्या वाटेनें आपल्या ओळखीचा झालेला आहे.

त्या वेळच्या वडील मंडळींनीं काय केलें तेंही आठवावें. सोलापूरचा रामजोशी शास्त्री-पुराणिकांच्या घरांतला. तो तमाशांत रमला म्हणून घरच्यांचा रोष त्याला सोसावा लागला असें सांगतात. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली होती, आणि ती उठविण्यासाठीं फडवाल्यांना खटपट करावी लागली. आज विठाबाई नारायणगावकर यांच्या नांवानें त्याच राज्याचें सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देत असतें. शिक्षकांच्या खोलींत डोललेल्या आमच्या माना पन्नास वर्षांनीं कोणाला आठवतील, ही धास्ती मला मधून मधून वाटते.

या गाण्यांत घाण नाहीं असें मी म्हणणार नाहीं. शिव्या आहेत, नशेची बढाई आहे, स्त्रीविषयीं हीन बोल आहेत. आणि तेराचौदा वर्षांचीं मुलें तीं पाठ करितात, याचें वाईट वाटतें. परंतु त्यावर उपाय म्हणून मुलाच्या कानांतील इअरफोन हिसकावून घेण्यापेक्षां दोहोंपैकीं एक आपल्या कानांत घालून त्याच्याजवळ घटकाभर बसावें. पहिल्या पांच मिनिटांत वडील लाजतील कीं मुलगा लाजेल हें सांगतां येत नाहीं. पण त्यानंतर जें बोलणें होईल तें उपयोगाचें होईल. कदाचित् त्यांत एखादें निराळें गाणेंही ऐकावयास मिळेल.

कारण निराळीं गाणीं आहेत, आणि तीं याच शहरांत झालीं आहेत. अंधेरीचा विवियन फर्नांडिस ‘डिव्हाइन’ या नांवानें व कुर्ल्याचा नावेद शेख ‘नेझी’ या नांवानें गाऊं लागला. नेझीनें २०१४ सालीं आपलें ‘आफत’ हें गाणें वडिलांनीं दिलेल्या आयपॅडवरच मुद्रित केलें, व चित्रणही त्यावरच केलें. ध्वनिमुद्रणाच्या खोलीचें भाडें कोठून आणणार? २०१५ सालीं दोघांनीं मिळून ‘मेरे गली में’ काढलें. पुढें २०१९ सालीं झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ चित्रपटानें ही गोष्ट देशभर नेली. धारावींत मुलांना हें गाणें व हा नाच विनामूल्य शिकविणारे वर्ग निघाले. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या मंडळानें त्याच २०१९ सालीं आरे वनांतील वारली कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिवोल्ट’ हें गाणें केलें. आणि त्या वर्षींच ऑक्टोबरांतील एका रात्रीपासून मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं. २०२३ सालीं राजकारणावर व सामान्य माणसाच्या हालांवर मराठींत रॅप रचणाऱ्या दोन तरुणांवर पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. शिवीगाळ एवढाच या गाण्याचा अर्थ असता तर त्याची इतकी दखल कोण घेता!

आतां विद्यार्थी मित्रांस. पालकांना सांगतांना तुम्ही माना डोलावल्या असतील. पण पुढचें तुमच्यासाठीं आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरांत हाच ‘रोलिंग लाउड’ न्यूयॉर्क शहरीं भरला. कार्यक्रम तोंडावर आला असतां तेथील पोलिसांनीं पत्र पाठवून पांच गायकांचीं नांवें यादींतून काढावयास सांगितलें, व तीं काढलीं गेलीं. पांचही न्यूयॉर्कचेच, त्यांतला पॉप स्मोक हा ब्रुकलिनचा अवघा वीस वर्षांचा पोर. पोलिसांना हिंसेची भीति वाटली. ती खरी कीं खोटी हें इतक्या दूर बसून ठरविण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु ज्या नगरींत एका मुलीच्या कपड्यांसाठीं हें गाणें जन्मलें, त्याच नगरींत त्या गाण्याचा एवढा मोठा जलसा भरावा, बाहेरगांवच्यांनीं गावें व घरच्या पांच पोरांनीं फाटकाबाहेर राहावें, हें ऐकून मला तरी चैन पडलें नाहीं.

आपल्याकडे पोलिसांच्या पत्राची गरजही लागत नाहीं. असल्या जलशांची मांडणी एकदां नीट न्याहाळा. पाहुण्याचें नांव भित्तिपत्रकावर हातभर अक्षरांत, घरच्याचें मुंगीच्या अक्षरांत, शेवटच्या ओळींत. पाहुण्याला रात्रीची वेळ, दिव्यांची आरास. घरच्याला दुपारचें ऊन आणि अर्धें रिकामें मैदान. पाहुण्याला मानधन, घरच्याला बहुधा ‘संधि’. संधीनें रिक्षाचें भाडें भागत नाहीं. खारघरला हिंदुस्थानी नांवें नव्हतीं असें नव्हे. पुष्कळ होतीं, आणि करण औजला तर मुख्यांतच होता. मी बोलतों आहें तें त्यांच्याविषयीं नाहीं. ज्याला अजून कोणी ओळखीत नाहीं, जो कळंबोलीच्या किंवा पनवेलच्या एखाद्या गच्चीवर चार मित्र जमवून गातो, त्याच्याविषयीं बोलतों आहें. तुमच्यांतल्या कितीजणांनीं त्याचें गाणें ऐकिलें आहे? विझ खलीफाचें जन्मगांव वर्गांतल्या सहाजणांनीं मला बिनचूक सांगितलें. आपल्याच तालुक्यांतल्या एका तरी रॅपकाराचें नांव सांगा म्हटलें तेव्हां मागच्या बाकावरचा एकच हात वर झाला, तोही अर्धा.

त्या मागच्या बाकाकडे मी पुढें येणारच आहें. आधीं त्या जमिनीविषयीं.

खारघर हें आज उंच इमारतींचें नगर दिसतें. तेथें राहावयास आलेल्या पुष्कळांना तेथें पूर्वीं काय होतें हें ठाऊक नसतें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेतल्या गेल्या. भातशेती, मिठागरें, खाडीची मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी लोक प्रकल्पग्रस्त झाले. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं आंदोलन झालें, आणि उरण तालुक्यांत गोळीबारांत पांचजण मरण पावले. जलशाचें मैदान ज्या मुलखांत आहे त्याचा हा पूर्वेतिहास.

या लोकांचें स्वतःचें गाणें फार जुनें आहे. त्यांच्या लग्नांत धवलारीण असते. ही बहुधा वयस्क बाई. हळदीपासून वरात परत येईपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले चालतात, आणि कांहीं ठिकाणीं भटजींच्या मंत्रांची जागाही तेच घेतात. शेंकडों ओळी तिला तोंडपाठ. कागद नाहीं, पुस्तक नाहीं. वरवधूचीं नांवें, मांडवाचे खांब, घरांत नुकतें कोणी वारलें असेल तर त्याची आठवण, हें सारें ती जागच्या जागीं ओवीत जाते. रॅपकार ज्याला ‘फ्रीस्टाइल’ म्हणून मिरवितात तें याहून फारसें वेगळें काय असतें? आतां हळदीच्या रात्रीं बेंजो पार्टी व मोठाल्या पेट्या लागतात, आणि धवलारणीचा आवाज त्यांत बुडून जातो. तिला ना विदेशी जलशाची फाटकें उघडीं, ना घरच्या हळदीचा मांडव पूर्वींसारखा उघडा.

रहिवाशांच्या तक्रारीही पोकळ नसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. सण-समारंभांसाठीं वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊं शकतें. (गणपतींत व लग्नसराईंत आपण स्वतः हे नियम किती पाळतों, हें प्रत्येकानें आपल्याशीं विचारावें, मी आमच्या गल्लीचें उत्तर येथें देत नाहीं.) आवाजापेक्षांही मोठी गोष्ट जिवाची. याच खारघरांत १६ एप्रिल २०२३ रोजीं एका पुरस्कार सोहळ्यासाठीं लाखों लोक भर उन्हांत बसले आणि उष्माघातानें १४ जणांचे प्राण गेले. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें २०२१ च्या नोव्हेंबरांत ‘अॅस्ट्रोवर्ल्ड’ या रॅपच्या जलशांत गर्दींत चेंगरून दहाजण मेले. त्यांत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. आईबाप नको म्हणतात तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें असलीं चित्रें असतात, हें मुलांनीं ध्यानांत घ्यावें.

गोव्यांत हा वाद पुष्कळ वर्षें चालला. ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा जलसा २००७ सालीं कांदोळीस सुरू झाला. मध्यंतरीं कांहीं वर्षें पुण्याकडे गेला. पुन्हां गोव्यांत आला. २०२४ सालीं तो दक्षिण गोव्यांत नेण्याची बातमी येतांच तेथील लोक विरोधास उभे राहिले. मग पेडणें तालुक्यांतील धारगळ ठरलें, तर तेथेंही गांवांत दोन तट पडले व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्या वर्षीं डिसेंबराच्या शेवटीं तो धारगळला झाला खरा, पण २०२५ सालीं तो मुंबईंत भरला. या सर्व काळांत रहदारी, अमली पदार्थ, हॉटेलांचा धंदा यांविषयीं भरपूर लिहिलें-बोललें गेलें. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट हे ज्या मातींतले, ज्यांनीं मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद शिकविला, त्या मातींतल्या आजच्या वादकाला या जलशांत किती वेळ व किती पैसा मिळतो, हा प्रश्न मला बातम्यांत क्वचितच आढळला.

तेव्हां माझें मत असें. जलसा भरूं द्यावा. बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाहीं. परक्या गाण्यानें आपलें गाणें मरत असतें तर हार्मोनियम आली तेव्हांच तें मेलें असतें. परंतु जें मैदान लोकांच्या जमिनीवर उभें आहे त्याचा परवाना देतांना सरकारनें नुसती अनामत व अग्निशमनाचा दाखला मागूं नये. त्या जिल्ह्यांतल्या कलावंतांना किती वेळ दिला, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं दिला आणि मोबदला किती दिला, हें लेखी मागावें. सूर्यास्तानंतरचा एक तास त्यांचा असावा, मुख्य मंचावर, मोठ्या दिव्यांत. दारूच्या दुकानांना जागा मोजून देतात, तशी धवलारणीलाही एक खुर्ची मोजून द्यावी. कोणी म्हणेल, लोक तिकीट काढतात तें पाहुण्यासाठीं, धवलारणीसाठीं नव्हे. खरें आहे. पण पाहुणा तरी पहिल्या दिवशीं कोणाला ठाऊक होता? सिंडीच्या दालनांत पंचवीस सेंट देऊन आलेल्या मुली क्लाइव्हचें नांव ऐकून आल्या नव्हत्या.

इतकें लिहून झाल्यावर मागच्या बाकाकडे येणें भाग आहे. तो अर्धा हात ज्या मुलाचा, तो स्वतःच रॅप रचतो. गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या समितींत मी होतों. त्यानें वहींतलीं तीन पानें माझ्यापुढें ठेविलीं. त्याची आजी धवलारीण. तिचें शेत जेथें होतें त्यावरून आतां विमान जातें. आजी वर पाहते आणि धवल्याची एक ओळ विसरते, असा त्यांतला विषय. वृत्त कोठेंच नव्हतें, शुद्धलेखन तर विचारूंच नये. मीं तीन पानांचीं तीन मिनिटें केलीं. वेळ दिली साडेचारची, मंडळी खुर्च्या शोधीत असतात ती; आणि रात्रीची मुख्य वेळ बाहेरून ठरविलेल्या ऑर्केस्ट्राला दिली, त्याला बिदागीही दिली. ध्वनिवर्धकवाला तोंवर तारा जोडीतच होता. मुलगा म्हणावयाचें तें म्हणून खालीं उतरला. कार्यक्रमपत्रिकेंत समारंभाची वेळ पांच छापली होती. पांचास पांच मिनिटें असतां एक वृद्ध बाई फाटकांतून आंत आल्या, व त्यांनीं मलाच विचारिलें, “मास्तर, आमच्या पोराचं कवा हाय?”

खारघरच्या व्यवस्थापकांवर एवढें लिहिणाऱ्या माणसानें त्या प्रश्नाला काय उत्तर दिलें तें येथें लिहवत नाहीं.

यंदाची पत्रिका अजून छापावयास गेलेली नाहीं. त्या मुलासाठीं बक्षीससमारंभानंतरचीं वीस मिनिटें राखून ठेविलीं आहेत, आणि ऑर्केस्ट्रा आठ वाजतां आहे. आजींनींही दोन धवले म्हणावे असा निरोप त्याच्याबरोबर पाठविला. दुसऱ्या दिवशीं त्यानें उत्तर आणिलें, कीं लग्नाचा मांडव नसतां धवला म्हणत नाहींत. मास्तरांनीं आधीं मांडव घालावा. मंडपवाल्याला विचारून ठेविलें आहे.